उडत्या बोटी बुडायच्या कशा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या दोन गस्ती विमानांचा परिचय दिला होता. एक अमेरिकन बनावटीचं दोन इंजिनांचं कॅटालिना, दुसरं ब्रिटिश बनावटीचं चार इंजिनांचं संडरलंड. दोन्हींचं धड म्हणजेच बोट. पाण्यावरून उडायचं आणि पाण्यावरच उतरायचं. पाणबुड्या शोधत बारा-बारा तास समुद्रावर फिरणं हे त्यांचं काम. लेखात अपघातांबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या आणि आलेली बहुतेक पत्रं नेमकी त्याबद्दलच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : पाण्यावर उतरणारं विमान, खाली अख्खा समुद्र. मग इंजिन बिघडलं तर उतरून मदतीची वाट बघायची, एवढंच ना? अपघात व्हायचे कशाने? (मालवण)

कोकणातल्या वाचकाने हा प्रश्न विचारावा याचं थोडं नवल वाटलं, कारण खाडी आणि खोल समुद्र यांतला फरक तिथे सगळ्यांनाच ठाऊक असतो. या बोटी बंदरातल्या, खाडीतल्या किंवा तलावातल्या पाण्यासाठी बांधलेल्या होत्या. उघड्या समुद्रावर त्या उतरू शकत, पण उतरल्यावर शाबूत राहतीलच याची खात्री नसे.

हिशेब बघा. भरलेलं कॅटालिना सुमारे १६ टन, संडरलंड सुमारे २६ टन. पाण्याला टेकताना वेग ताशी १२० ते १५० किलोमीटर. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. बुडाचा ॲल्युमिनियमचा पत्रा जाडीने काही मिलिमीटरसुद्धा नाही. विमान आडव्या, सपाट पाण्यावर घसरत टेकलं तर हा पत्रा भार सहज पेलतो. समोरून येणाऱ्या लाटेवर नाक आपटलं की तोच पत्रा आत चेपतो आणि रिव्हेटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, ओळच्या ओळ उसवते. आघात वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दहा टक्के जास्त ठेवला तर धक्का एकवीस टक्के जास्त. घाबरलेला वैमानिक वेग जास्तच ठेवतो.

दुसरी भानगड उसळीची. बोटीच्या बुडाला मध्यावर एक खाच असते, तिला पायरी म्हणतात. वेगात असताना बोट या पायरीच्या पुढच्या भागावर तरंगते आणि मागचा भाग पाण्यापासून सुटतो. ही पायरी नसती तर पाणी बुडाला चिकटून राहिलं असतं आणि विमान सुटलंच नसतं. मात्र पायरीवर धावताना नाक किती वर असावं याची मर्यादा फार अरुंद असते, काही अंशांचीच. नाक जरा खाली गेलं किंवा जरा जास्त वर आलं की बोट पुढेमागे झुलायला लागते. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि तिसऱ्या-चौथ्या उसळीला विमान वेग गमावलेल्या अवस्थेत हवेत असतं, मग नाकावर आपटतं. नवखा वैमानिक प्रत्येक झोक्याला नाक वरखाली करणारा दांडा उलट दिशेने ओढतो, तो एक झोका उशिरा पोचतो आणि हालचाल आणखी वाढते. शिकवण अशी होती : दांडा स्थिर धरा. उतरताना पहिल्याच उसळीला पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जा. उडताना झुलू लागलं तर इंजिनांची ताकद काढून थांबा आणि पुन्हा सुरुवात करा.

उघड्या समुद्रावर उतरण्याचा मोह सुरुवातीच्या यशाने वाढला होता. १८ सप्टेंबर १९३९ रोजी पाणबुडीने बुडवलेल्या ‘केन्सिंग्टन कोर्ट’ जहाजाचे ३४ खलाशी दोन संडरलंडांनी समुद्रावर उतरून उचलून आणले. त्या दिवशी समुद्राने साथ दिली, हे लोक विसरले. मे १९४३ मध्ये फ्रान्सजवळच्या बिस्केच्या उपसागराच्या बाजूला ऑस्ट्रेलियन ४६१ क्रमांकाच्या तुकडीचं संडरलंड एका व्हिटली बॉम्बरचे रबरी नावेत अडकलेले लोक उचलायला उतरलं. लाटेवर आपटून ते फुटलं आणि त्याचा कप्तान डॉड्स मेला. आता समुद्रात एकाऐवजी दोन विमानांचे लोक. दुसऱ्या दिवशी त्याच तुकडीचा सिंगल्टन त्यांच्यासाठी उतरला. त्याचं विमान टिकलं, पण एवढी माणसं घेऊन त्या लाटांतून उडणं शक्य नव्हतं. लोकांना ‘ला कॉम्बातांत’ या फ्रेंच विनाशिकेवर चढवलं, विनाशिकेने विमान ओढत न्यायचा प्रयत्न केला, दोर तुटला. शेवटी सिंगल्टनने रिकामं विमान उडवलं, पण लाटांचे तडाखे खाताना बुडाला माणूस आरपार जाईल एवढं भगदाड पडलं होतं. पाण्यावर उतरला असता तर क्षणात बुडाला असता. म्हणून २९ मे १९४३ रोजी त्याने वेल्समधल्या अँगल इथल्या विमानतळाच्या गवतावर ती बिनचाकांची बोट पोटावर घसरवत उतरवली. कुणालाही इजा झाली नाही.

नाइलाजाने समुद्रावर उतरायचंच झालं तर काय करायचं, याचे नियम ठरलेले होते. आधी डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुड्यांवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकून द्यायचे (कारण पुढे येतं आहे). शक्य तेवढं इंधन संपवायचं. वाऱ्यापेक्षा लांब लाटांच्या ओळींकडे आधी बघायचं. त्यांना समांतर, माथ्यावर किंवा मागच्या उतारावर टेकायचं. ओळींना काटकोनात, म्हणजे डोक्यावर लाट घेत, कधीही नाही. वारा आडवा येत असेल तर त्याची थोडी झळ सोसायची.

प्रश्न : लाटा धोकादायक हे पटतं. पण अगदी निवांत पाण्यावर चांगल्या हवेत अपघात झाल्याचे उल्लेख आढळतात. ते कसे? (ठाणे)

अगदी निवांत पाणी हा अनुभवी वैमानिकाचाही शत्रू. पवना किंवा कोयनेच्या जलाशयावर पहाटे वारा नसताना पाणी कसं दिसतं आठवा : डोंगर उलटा, आकाश खाली, पृष्ठभाग कुठे आहे ते कळत नाही. वैमानिक उंची डोळ्यांनी ठरवत असतो. पाण्यावर ओरखडा नसेल तर त्याला आपण पंधरा मीटरवर आहोत की दोन मीटरवर, हे कळत नाही. मग दोनपैकी एक होतं. एकतर वर असतानाच ‘आलं पाणी’ समजून तो नाक उचलतो, वेग मरतो आणि विमान दगडासारखं खाली पडतं. किंवा उंची आहे असं समजून तसाच येतो आणि नाक पाण्यात खुपसतो. दुसऱ्या प्रकारात वाचणारे कमी.

यावरचा उपाय म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवायचाच नाही. किनाऱ्याला समांतर यायचं, म्हणजे एका बाजूला तरी झाडं, खडक असं काही दिसतं. साधारण ६० मीटर उंचीवरच नाक किंचित वर ठेवून विमान स्थिर करायचं. इंजिनाची ताकद अशी लावायची की मिनिटाला ३० ते ४५ मीटर एवढंच खाली जाईल. त्यानंतर हात हलवायचे नाहीत. पाणी लागेल तेव्हा लागेल. लागलं की मगच ताकद काढायची. यात जागा किती खर्च होते बघा : मिनिटाला ४५ मीटर या वेगाने ६० मीटर उतरायला ८० सेकंद लागतात आणि ताशी १३० किलोमीटरने विमान तेवढ्यात जवळजवळ तीन किलोमीटर पुढे जातं. लहान तलावात ही चैन परवडत नाही. तिथे आधी मोटारबोट फिरवून पाण्यावर तरंग उठवून घेत.

रात्रीही अडचण तीच. तळावर उतरताना तीन दिवेवाल्या होड्या एका ओळीत उभ्या करत, पण उतरायची पद्धत वरच्यासारखीच.

गुळगुळीत पाणी उडतानाही नडतं. पाणी बुडाला धरून ठेवतं आणि बोट पायरीवर चढत नाही. अशा वेळी वैमानिक गोल चक्कर मारून स्वतःच लाटा उठवत आणि मग त्यांच्यावरून धाव घेत.

प्रश्न : समुद्रावर गस्त घालणारी विमानं डोंगरावर कशी आपटत? राजपुत्राच्या अपघाताबद्दलही लिहावं. (नाशिक आणि सातारा, दोन पत्रं)

उडत्या बोटींच्या सर्वांत भयंकर अपघातांत पाण्याचा संबंधच नाही. त्यांचे तळ स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स इथल्या खोल खाड्यांत आणि तळ्यांत होते. अशा जागांभोवती डोंगर असतातच. दिवसभर समुद्रावर फिरून आलेल्या विमानाला शेवटच्या अर्ध्या तासात ढगांतून खाली यायचं असतं आणि नेमक्या तेव्हाच त्याची जागा सर्वांत कमी खात्रीची असते.

जागा ठरवायची पद्धत अशी : वेग, दिशा, वेळ यांवरून नकाशावर रेघ ओढत जायचं. वाऱ्याने विमान बाजूला सरकतं, ते मोजायला पाण्यात दिवसा धूर सोडणारा आणि रात्री जळणारा तरंगता डबा टाकत. शेपटीतला तोफची आपल्या तोफेने त्या डब्यावर नेम धरून ठेवी आणि बुरुजावरच्या पट्टीवर सरक किती अंश ते वाचून नाविकाला सांगे. एक अंशाची चूक ६० किलोमीटरला एक किलोमीटर भोवते. परतीचा पल्ला ६०० किलोमीटरचा आणि चूक पाच अंशांची असेल तर किनारा ५० किलोमीटर चुकतो. ढगांमुळे पाणी दिसलंच नाही तर डबा टाकून उपयोग नाही. वारा ताशी २० किलोमीटरने बदलला आणि तीन तास कळलं नाही, तर पुन्हा ६० किलोमीटर.

त्यात उंचीमापक. तो उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो. निघताना तळावरच्या दाबाला लावलेला असतो. दाब एक मिलिबारने उतरला की समुद्रपातळीजवळ तो सुमारे आठ मीटर जास्त दाखवतो. अटलांटिकचं वादळ येत असेल तर बारा तासांत २० मिलिबार उतरणं विशेष नाही. म्हणजे काटा ४०० दाखवत असताना विमान २४० मीटरवर. नवा दाब रेडिओवरून मागवता येई, पण गस्तीवर रेडिओ मौन पाळायचं असे.

२५ ऑगस्ट १९४२ ची घटना वेगळी, कारण ती परतीची नव्हती. इंग्लंडच्या राजाचा धाकटा भाऊ, ड्यूक ऑफ केंट जॉर्ज, संडरलंड डब्ल्यू ४०२६ मधून स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डनहून आइसलंडला निघाला. चालक दल २२८ क्रमांकाच्या तुकडीचं, कप्तान फ्रँक गोयेन, सोबत खुद्द तुकडीप्रमुख. मार्ग किनाऱ्याने समुद्रावरून ईशान्येला आणि मग वळसा घालून वायव्येला. उड्डाणानंतर सुमारे अर्ध्या तासाने विमान किनारा ओलांडून जमिनीवर आलं आणि डनबीथजवळच्या ईगल्स रॉक टेकडीवर आदळलं. टाक्या आइसलंडपर्यंतच्या इंधनाने भरलेल्या. १५ पैकी १४ मेले. शेपटी तुटून वेगळी पडली म्हणून तिच्यातला तोफची वाचला. भाजलेल्या अवस्थेत तो दुसऱ्या दिवशी एका घरापर्यंत चालत गेला. चौकशीने सांगितलं : चुकीच्या मार्गावर, अपुऱ्या उंचीवर, खाली पाणी आहे याची खात्री न करता ढगांतून खाली आले, जबाबदारी कप्तानाची. आमच्या मते हे काय घडलं त्याचं वर्णन झालं, का घडलं याचं उत्तर नव्हे. अनुभवी दल अर्ध्या तासात एवढं आत कसं सरकलं, याच्यावर आजही वाद घातला जातो.

नेहमीच्या नमुन्याचा अपघात हवा असेल तर ३१ जानेवारी १९४४ चा घ्या. त्याच २२८ तुकडीचं दुसरं संडरलंड, गस्तीवरून परत येताना वेल्समधल्या तळावर हवा खराब म्हणून उत्तर आयर्लंडच्या लॉक अर्नकडे वळवलेलं. ते डोनेगॉलच्या ब्लू स्टॅक डोंगरावर आदळलं. १२ जणांपैकी सात मेले, पाच वाचले. थकलेलं दल, ऐनवेळी बदललेला तळ, रात्र, ढग : डोंगरावरच्या अपघातांची कागदपत्रं चाळली की हेच चार शब्द फिरून फिरून येतात. १२ मे १९४४ ला स्कॉटलंडच्या वॅटरसे बेटावर सरावाच्या उड्डाणात वाट चुकून आदळलेल्या कॅटालिनातले नऊपैकी सहा वाचले. त्याचे अवशेष अजून तिथल्या किनाऱ्यावर पडलेले आहेत.

प्रश्न : बंदरात कोणता धोका? (सांगली)

तरंगता कचरा. मिडवेच्या लढाईतल्या विजयानंतर अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ हवाईहून अमेरिकेला येत होते. ३० जून १९४२ रोजी त्यांची चार इंजिनांची सिकोर्स्की बनावटीची उडती बोट कॅलिफोर्नियातल्या अलामीडाच्या पाण्यावर टेकताना तरंगत्या लाकडाला धडकून उलटी झाली. सहवैमानिक मेला, निमिट्झ थोडक्या दुखापतीवर निभावले. म्हणूनच तळावर विमान येण्याआधी मोटारबोट सगळी धावओळ फिरून बघायची. हे काम कुणालाच आवडत नसे.

दुसरा धोका वादळाचा. बोटीला पाण्यावर ब्रेक नसतो. संडरलंडमध्ये स्वयंपाकाच्या खोलीच्या खिडक्यांतून कापडी शंकू पाण्यात सोडून वेग मारत. नांगरलेल्या विमानात वादळी रात्री माणसं बसवून ठेवत. दोर ताणला की इंजिनं चालू करून पुढे सरकायचं, म्हणजे विमान ज्याला बांधलेलं असे त्या बोयावरचा भार हलका होतो. पंखाच्या टोकाखालचा फ्लोट, म्हणजे पंखाला पाण्यावर आधार देणारा तरंगता भाग, तुटला तर दोन-तीन जण लगेच विरुद्ध पंखावर चढून बसत. नाहीतर पंख पाण्यात जाई आणि मागोमाग विमान.

प्रश्न : बुडाला गोळ्या लागून भोकं पडली असतील तर उतरायचं कसं? आणि डेप्थ चार्ज आधी टाकून देण्याचं कारण? (पुणे)

रिव्हेट उडाल्याची भोकं लहान असत. त्यावर कॅटालिनाच्या दलांत प्रसिद्ध इलाज म्हणजे शिसपेन्सिल. भोकात पेन्सिल ठोकायची आणि उरलेली मोडून टाकायची. लाकूड पाण्याने फुगतं आणि भोक धरून ठेवतं. नाविकाच्या मेजावर पेन्सिलींचा साठा असेच. मोठ्या भोकांना चिंध्या, कापड, जीवरक्षक जाकिटं. शिवाय बोटीच्या आत आडव्या भिंती आणि पाणबंद दारं असतात, ती उतरण्याआधी लावून घ्यायची. एक कप्पा भरला तरी बोट तरंगते, लागोपाठचे दोन भरले तर खात्री नाही. टेकल्यावर थांबायचं नाही. वेग ठेवून थेट उथळ पाण्यात, वाळूवर चढवायची.

जॉन क्रुकशँकच्या कॅटालिनाने १७ जुलै १९४४ रोजी नेमकं हे केलं. नॉर्वेच्या पश्चिमेला पाणबुडीवर हल्ला करताना नाविक मेला, क्रुकशँकला ७२ जखमा झाल्या. दलाने भोकं जाकिटांनी आणि इंजिनाच्या कॅनव्हासच्या आवरणांनी बुजवली. साडेपाच तासांनी शेटलंडला पोचले तेव्हा पुरेसा उजेड नव्हता. अंधारात फुटक्या बुडाने उतरण्यापेक्षा त्यांनी घिरट्या घालत उजाडायची वाट पाहिली, मग सहवैमानिकाच्या मदतीने उतरून विमान किनाऱ्याला लावलं. क्रुकशँकला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती वाट पाहणं.

डेप्थ चार्जचं असं : नेहमीचा ब्रिटिश चार्ज २५० पौंडांचा, म्हणजे ११३ किलोचा. संडरलंडवर आठ, कॅटालिनावर पंखांखाली साधारण चार. तो पाण्याच्या दाबाने फुटतो, आणि वर आलेल्या पाणबुडीसाठी खोली फक्त २५ फूट, साडेसात मीटर, लावलेली असे. सज्ज चार्जसह विमान बुडालं तर काही सेकंदांत ती खोली गाठते आणि वर पोहणाऱ्यांच्या पोटाखाली स्फोट होतो. त्यामुळे टाकायचे तेही ‘सुरक्षित’ स्थितीत ठेवून आणि उतरायच्या जागेपासून लांब. संडरलंडमध्ये चार्ज धडाच्या आत असत आणि रुळांवरून पंखाखाली सरकवत. रूळ अडकले तर मग ते हातांनीच ढकलायचे.

प्रश्न : उतरले, विमान बुडालं, माणसं रबरी नावेत. पुढे? (बडोदा)

उत्तर अटलांटिकमध्ये पाणी ५ ते १० अंश असेल तर माणूस अर्ध्या-एक तासात गलितगात्र होतो आणि एक ते तीन तासांत जातो. म्हणून रबरी नाव शाबूत असण्यावर सगळं अवलंबून. कॅनडाच्या डेव्हिड हॉर्नेलचं कॅटालिना २४ जून १९४४ रोजी पाणबुडीच्या माऱ्याने पेटलं. त्याने ते समुद्रावर उतरवलं, आठही जण बाहेर पडले, पण दोनपैकी एक नाव फुटली. उरलेल्या चार जणांच्या नावेत आळीपाळीने बसत आणि बाकीचे पाण्यात लटकत त्यांनी सुमारे २१ तास काढले. दोघे वाटेतच गेले, हॉर्नेल सुटकेनंतर थोड्याच वेळात.

ब्रिटिश दलं पिंजऱ्यात कबुतरं नेत. ऑक्टोबर १९४३ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला एक कॅटालिना पडलं, हवा खराब असल्याने शोध लागेना. ‘व्हाइट व्हिजन’ नावाची कबुतरी वादळी वाऱ्याविरुद्ध उडत जागेचा निरोप घेऊन पोचली आणि ११ जण वाचले. त्या डिसेंबरात प्राण्यांना देण्यात येणाऱ्या डिकिन पदकाच्या पहिल्या तीन मानकऱ्यांत ती होती. तिघंही कबुतरंच.

प्रश्न : जपानकडेही अशी विमानं होती ना? (कोल्हापूर)

होती, आणि कावानिशीचं चार इंजिनांचं एच ८ के तर अनेक बाबतींत संडरलंडपेक्षा सरस. पण वादळापुढे काय? यामामोतोनंतर जपानी आरमाराचा मुख्य झालेला ॲडमिरल कोगा ३१ मार्च १९४४ रोजी पलाऊहून दावाओला निघाला आणि वादळात त्याचं विमान नाहीसं झालं. त्याच रात्री निघालेलं दुसरं विमान, ज्यात त्याचा प्रमुख साहाय्यक फुकुदोमे होता, सेबू बेटाजवळ समुद्रात पडलं. त्यातली गुप्त युद्धयोजनेची कागदपत्रं फिलिपिनो मंडळींच्या हाती लागली आणि ‘क्रेव्हाल’ या अमेरिकन पाणबुडीने ऑस्ट्रेलियात पोचली. अपघाताने शत्रूला एवढा फायदा झाल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

प्रश्न : आपल्याकडे ही विमानं आली होती का? (नागपूर)

आली होती. कराचीची कोरंगी खाडी, मद्रासजवळचा रेड हिल्स तलाव आणि सिलोनमधला कोग्गला हे मोठे तळ. कोग्गलाच्याच कॅटालिनाने ४ एप्रिल १९४२ रोजी सिलोनवर चालून येणारा जपानी आरमारी ताफा पाहिला. कप्तान बर्चल संदेश पाठवत असतानाच विमान पाडलं गेलं आणि नऊपैकी सहा जण कैदी झाले. जून १९४४ मध्ये दोन संडरलंड ब्रह्मपुत्रेवरून उडून ब्रह्मदेशातल्या इंडॉजी तलावावर उतरत आणि जपानी फळीमागे लढणाऱ्या चिंडिट तुकड्यांचे जखमी सैनिक घेऊन येत.

इथला त्रास थंडीचा नव्हता. ३५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे साडेसहा टक्के विरळ, म्हणजे इंजिन कमी ओढतं, पंख कमी उचलतो आणि धाव लांबते. त्यात वारा पडलेला आणि पाणी आरशासारखं. कोमट पाण्यात बुडाला शेवाळ आणि कालवं लवकर चिकटतात, तीही वेग खातात. पावसाळ्यात डोंगरांवरचे ढग. भरलेलं विमान उडत नसेल तर इंधन कमी करायचं किंवा पहाटेच्या गार हवेत निघायचं, हे दोनच मार्ग.

प्रश्न : १/७२ मापाचं कॅटालिना बनवतो आहे. पाण्यावर टेकतानाचा देखावा करायचा आहे. चाकं आणि फ्लोट कसे दाखवू? (डोंबिवली)

पंखांची लांबी ३१.७ मीटर, तेव्हा मॉडेल ४४ सेंटिमीटरचं होईल, फळी त्या बेताने घ्या. पाण्यावर टेकताना फ्लोट खाली, हवेत असताना वर दुमडून पंखाचं टोक झालेले. चाकं असतील तर पूर्ण आत. मोठी चाकं धडाच्या बाजूंना पोकळीत बसतात आणि बाहेरून दिसतात, ते दाखवायचं राहू देऊ नका. नाकाखालच्या चाकाची दारं मात्र घट्ट बंद. जमिनीवरही उतरू शकणाऱ्या, चाकवाल्या ५ ए नमुन्याचा ठरलेला अपघात हाच : दारं नीट लागली नाहीत किंवा चाक बाहेर राहिलं की पाण्याचा लोट दारं फोडून थेट पुढच्या कप्प्यात घुसे आणि विमान नाकावर उलटे. म्हणून कप्तान मोठ्याने विचारी आणि एक जण डोळ्यांनी बघून उत्तर देई. बिनचाकांचा जुना नमुना करणार असाल तर चाकांच्या पोकळ्या बुजवून टाका. त्याला किनाऱ्यावर ओढायची चाकं माणसं पाण्यात उतरून लावत, देखाव्यात ती नकोत.